गल्लीत शिरणारा चहावाला

बाजारबसवीची गल्ली पडद्यावर आणायची, तर कॅमेऱ्याने आत शिरायचं कुणाच्या पाठोपाठ? कोठीपुरता हा प्रश्न कधी पडला नाही. तिथे झुंबर, तबलजी, मुजरा. रसिक म्हणून कुणीही बसावं. रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईकडे मात्र कामाशिवाय कोण जातं?

१९३९ साली व्ही. शांताराम 'प्रभात'च्या 'माणूस'मध्ये शिरले ते शिपाई नंबर २५५च्या मागून. अड्ड्यावर धाड पडते आणि गणपतला, म्हणजे शाहू मोडकांना, मैना भेटते. शांता हुबळीकरांची मैना रडूबाई नाही. हजरजबाबी, थोडी उर्मटच. 'देवदास'च्या रडगाण्याला हे पुण्याहून गेलेलं उत्तर होतं. पण पोलीस आला की गल्ली सावरून बसते. १९५७च्या 'प्यासा'त आपण गुलाबोच्या मागे कलकत्त्याच्या रस्त्यांवरून चालतो ते गिऱ्हाईक समजल्या गेलेल्या कवीबरोबर. खिसा रिकामा निघताच ती त्याला हाकलते. चोख व्यवहार! गिऱ्हाइकाला तरी याहून जास्त काय दिसणार?

'माणूस'मध्ये एक चहावाला पोऱ्याही आहे. ते राम मराठे, पुढे गवई म्हणून नावारूपाला आलेले. पोऱ्याचं काम छोटं, पण कॅमेऱ्याला गल्लीत नेणाऱ्या चहावाल्यांच्या कुळाचा माझ्या मते मूळपुरुष तोच. चहावाल्याला कुणी हटकत नाही. तो ना धाड घालायला येतो, ना सौदा करायला. धंदा बंद असतानाही त्याला आत वाट असते.

ही वाट पुरती वापरली मीरा नायर यांनी. १९८८च्या 'सलाम बॉम्बे'तला कृष्णा गावी परतण्यासाठी पाचशे रुपये जमवतोय. वस्तीत त्याला 'चायपाव' म्हणतात. चित्रण मुंबईच्या खऱ्या वस्तीत, रस्त्यावरच्या मुलांना शिबिरात तयार करून झालं. पण अस्सलपणा मळक्या भिंतींतून येत नाही, तो आला चहाच्या फेऱ्यांतून. कोंडून ठेवलेली नेपाळी 'सोलासाल', गिऱ्हाईक आलं की खोलीबाहेर काढली जाणारी रेखाची चिमुरडी मंजू. हे सारं कपबशा पोचवता पोचवता दिसतं.

मात्र मंजूला सरकारी संस्थेत ठेवतात आणि रेखा तिला परत मागायला जाते, तिथे चहावाला नाही. पोर देणार नाही, असं साहेब तिला सांगतात, आणि कॅमेरा कुणाच्याही आडोशाशिवाय तिच्यासमोर उभा राहतो.