सासरचे नाव आणि हजेरीपट

लग्न झाल्यावर मुलीने नाव बदलावे की नाही, हा प्रश्न आज घरोघर निघतो. एक पक्ष म्हणतो, ही आपली सनातन चाल आहे, ती मोडू नये. दुसरा म्हणतो, ही जुनी गुलामी आहे, ती तात्काळ टाकावी. चाल फार जुनी आहे, एवढे मात्र दोघेही गृहीत धरून चालतात. आम्ही पंडित नव्हे. आमची शाळा कारखान्याच्या फाटकाशी आणि युनियनच्या कचेरीत भरली. तथापि कामगारांच्या दाव्यांपायी जुने कागद वाचण्याची खोड आम्हांस लागली, आणि त्या कागदांची साक्ष दोन्ही पक्षांना सारखीच गैरसोयीची आहे.

जुन्या मराठी दस्तऐवजांत पुरुष 'रामजी बिन धोंडजी' असा येतो आणि स्त्री 'सखूबाई कोम रामजी' किंवा 'सखूबाई भ्रतार रामजी' अशी येते. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. म्हणजे बाईची ओळख नवऱ्यावरून होत होती, हे खरेच. परंतु तेथे पुष्कळदा आडनावाचा पत्ताच नसतो. आडनाव असलेच तर ते कुळाचे, गावाचे किंवा वतनाचे. विवाहाने गोत्र पालटते असे धर्मशास्त्र सांगते. गोत्र निराळे आणि आडनाव निराळे. स्वतःचे नाव, मग बापाचे किंवा नवऱ्याचे, आणि शेवटी आडनाव, ही तीन खणांची मांडणी सर्वत्र रुळली ती इंग्रजी अमदानीत, शाळेचा पट, कोर्ट आणि कचेरी यांच्या चौकटीत. सनातन म्हणून आपण ज्याचा अभिमान धरतो, त्यात कारकुनाच्या टाकाचाही वाटा मोठा आहे.

आपल्याकडची खरी जुनी चाल आडनावाच्याही पलीकडची आहे. ताटात तांदूळ पसरून त्यावर नवे नाव लिहावयाचे, आणि त्या क्षणापासून मुलीला तिच्या आईने मारलेली हाकसुद्धा बदलावयाची! आनंदीबाई जोशी माहेरच्याही जोशीच होत्या. आडनाव जसेच्या तसे राहिले आणि गेली ती 'यमुना'. १८८६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियास डॉक्टरीची पदवी मिळाली ती आनंदीबाईला. रमाबाई रानडे याही माहेरच्या यमुनाच. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका गोखले होत्या. या तिघींनी नव्या नावाला असे तेज आणले की जुने नाव आज शोधून काढावे लागते. म्हणून बदललेले नाव हे दास्याचेच चिन्ह, असे सरसकट म्हणणे या बायांवर अन्याय करणारे होईल.

त्याच काळात दुसरीही वाट होती. रखमाबाईचे लग्न अकराव्या वर्षी झाले. ती नांदावयास येत नाही म्हणून दादाजी भिकाजीने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला, की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने कैद भोग. रखमाबाईने कैद पत्करीन असे सांगितले. पुढे १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. ती विलायतेस जाऊन डॉक्टर झाली आणि सुरत व राजकोट येथे तिने कित्येक वर्षे रुग्णसेवा केली. कायद्याच्या पुस्तकांत तो खटला 'दादाजी भिकाजी विरुद्ध रखमाबाई' म्हणून नोंदला आहे. त्याला बापाचे नाव आहे. तिच्या नावाला ना बाप, ना नवरा, ना आडनाव. तेवढ्या एका नावावर तिचा दवाखाना चालला.

आता साहेबाचा देश पाहू. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात लग्न होताच बायकोचे कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरून जाई. तिने कमावलेली मजुरीही त्याची! ती मजुरी तिच्या हाती राहण्यास १८७० सालचा कायदा व्हावा लागला. जिचा पगार नवऱ्याचा, तिचे नावही नवऱ्याचे, असा तो सरळ हिशेब होता. अमेरिकेत ल्यूसी स्टोन या बाईने १८५५ साली लग्न केले आणि माहेरचेच नाव चालविले. १८७९ साली मॅसॅच्युसेट्समध्ये शाळा-समितीच्या निवडणुकीपुरते बायकांना मत मिळाले, तेव्हा नवऱ्याचे नाव लावीत नाही म्हणून तिला मतदारयादीत घेतले नाही. जपानमध्ये १८९८ च्या कायद्याने बायकोस नवऱ्याच्या घराण्याचे नाव आले. १९४७ साली तो सुधारून दोघांपैकी कोणाचेही एक नाव घ्यावे असे ठरले. तरी पुढेही शंभरांतील सुमारे पंचाण्णव जोडप्यांत नाव गेले ते बायकोचेच. कागदावरची समता घरात शिरावयास वेळ लागतो, तो असा.

आपल्याकडे १९५४ चा विशेष विवाह कायदा किंवा १९५५ चा हिंदू विवाह कायदा, कोणीच बायकोला नाव बदलण्याची सक्ती करीत नाही. सक्ती करतात ते घरचे लोक आणि खिडकीमागचा कारकून. आमच्या युनियनकडे आलेले एक प्रकरण सांगतो. पॅकिंग खात्यातील एक बाई माहेरच्या नावाने लागली. चार वर्षांनी लग्न झाले, आणि तिला न विचारता हजेरीपटावर सासरचे नाव चढले. आणखी चार वर्षांनी तिने काम सोडले, तेव्हा ऑफिसने सांगितले, या दोन निरनिराळ्या बाया आहेत! १९७२ च्या कायद्याप्रमाणे ग्रॅच्युइटीस पाच वर्षांची सलग नोकरी लागत असे. आठ वर्षांचे श्रम चार आणि चार असे फुटले आणि हाती शून्य आले. विवाहाचा दाखला, प्रतिज्ञापत्र आणि सोबतिणींच्या साक्षी उभ्या करून ते पैसे आम्ही मिळविले. पण त्याच खात्यातील पुरुषांनाही लग्ने झाली होती. त्यांच्यापैकी एकालाही आपण कोण हे सिद्ध करावे लागले नाही.

आम्हांस या प्रश्नाचे मर्म येथे दिसते. नाव हे केवळ हाक मारण्याचे साधन नाही. माणसाच्या श्रमांचे ते खातेपुस्तक आहे. शाळेचा दाखला, भविष्यनिर्वाह निधी, बँक, आधार, सारे त्याच धाग्यात ओवलेले असते. तो धागा मध्येच तोडावयाचा तर तोडणारीची स्वतःची इच्छा हवी, आणि गाठ मारण्याचा खर्च तिच्या एकटीवर पडता कामा नये. मुलीने सासरचे नाव आनंदाने घेतले, तर सर्व कागद एकदम बदलावेत आणि जुने जपून ठेवावेत. माहेरचे ठेवले, तर सासरच्यांनी त्यात अपमान शोधू नये. रूढी तर डोळ्यांदेखत बदलत आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात बापाच्या आधी आईचे नाव लिहावे, असे महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरविले. 'बिन' आणि 'कोम' यांच्या कागदात ज्या आईला जागा नव्हती, ती आता पटावर आली आहे. तिने तेथे कोणत्या नावाने यावे, हे तिचे तिलाच ठरवू द्या.