भांडणातून आलेली शांती : मराठी ख्रिस्ती लेखनाकडे वळणाऱ्या वाचकासाठी प्रस्तावना

मनःशांतीच्या ओढीने मराठी ख्रिस्ती लेखनाकडे येणाऱ्या वाचकाचे स्वागत करताना एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. इथे आल्या आल्या गाठ पडते ती भांडणांशी. नवरा-बायकोची, बापलेकांची, जातीशी, चर्चशी, स्वतःच्या मनाशी. मराठीत ख्रिस्ताविषयी ज्यांनी जीव ओतून लिहिले, त्यांतले बरेच जण घरातून किंवा गावातून तुटलेले होते. बाप्तिस्मा झाला आणि मन निवांत झाले, असा सरळ हिशेब मिशनच्या अहवालांत आढळतो. माणसांनी स्वतःविषयी लिहिलेले वाचावे तर तो क्वचितच जुळतो. या क्षेत्राचा अभ्यास कुठून सुरू करावा असे कोणी विचारले, तर मी या न जुळणाऱ्या हिशेबाकडे बोट दाखवीन.

कालानुक्रमाने पहिला मान फादर थॉमस स्टीफन्स यांचा. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात उतरला आणि पुढची चाळीस वर्षे तिथेच राहिला. साष्टीत देवळे पाडली गेली होती, इन्क्विझिशन सुरू झाले होते. १५८३ साली कुंकळ्ळीत गावकऱ्यांनी पाच जेझुइटांना ठार मारले आणि त्यांचे मृतदेह ताब्यात घेण्याचे काम स्टीफन्सकडे आले. त्याचा सूड पोर्तुगीजांनी गावच्या पुढाऱ्यांना मारून उगवला. अशा भूमीत १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले, तेही ओवीत. त्याच्या सुरुवातीलाच एक ब्राह्मण विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचे काय? माझ्या मते साऱ्या ग्रंथाची किल्ली या प्रश्नात आहे. ज्या सत्तेने पोथी काढून घेतली, तिच्याच छत्राखालचा पाद्री दुसरी पोथी हाती देतो आहे, आणि ती प्रेमाने, याच मातीच्या लयीत रचलेली आहे. काव्याची गोडी आणि सत्तेचा धाक दोन्ही खरे आहेत. त्यांतले एक झाकून दुसऱ्यावर लिहिणाऱ्यांची या विषयात कमतरता नाही. नव्या अभ्यासकाने त्यांत भर घालू नये.

पंडिता रमाबाईंपाशी मात्र थांबायला हवे. आई-वडील दुष्काळात गेले. भाऊ १८८० साली गेला, नवरा १८८२ साली. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. इथे कथा संपायला हवी होती, पण खरा झगडा त्यानंतर सुरू झाला. तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, तो या क्षेत्रातला सर्वांत जिवंत दस्तऐवज आहे. त्रैक्याचा सिद्धान्त पटत नाही, तर मी तो का मानावा? क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नकोत? पंचविशीतली विधवा, परक्या देशात, ज्यांच्या आसऱ्याला राहते आहे त्यांनाच हे विचारते. गुरूंचा शब्द मानावा, हा वाँटेजचा आग्रह. आपली विवेकबुद्धी कोणाकडे गहाण टाकायला मी आलेले नाही, हा रमाबाईंच्या उत्तरांचा रोख.

पुढे पुण्यात उलटे झाले. रमाबाईंनी काढलेल्या शारदा सदन या शाळेत मुलींना ख्रिस्ती केले जाते अशी ओरड झाली आणि १८९३ साली सल्लागार मंडळातून रानडे, भांडारकर बाहेर पडले. वाँटेजला रमाबाई पुरेशा ख्रिस्ती वाटत नव्हत्या, पुण्याला त्या फारच ख्रिस्ती वाटत होत्या. या दोन ओढींच्या मध्ये, १८९१ च्या सुमारास, त्यांच्या मनात काहीतरी स्थिरावले. १९०७ साली लिहिलेल्या साक्षीत त्या सांगतात, की आपल्याला धर्म आधी मिळाला होता, ख्रिस्त नंतर सापडला. मध्ये आठ वर्षे गेली. रमाबाईंच्या श्रद्धेवर लिहिणाऱ्यांनी या आठ वर्षांकडे जितके लक्ष द्यायला हवे होते, तितके दिलेले नाही. आणि ही शांती स्वस्थ बसणाऱ्याची नव्हे. दुष्काळात निराधार झालेल्या मुलींना घेऊन केडगावला मुक्ती मिशन उभे राहिले ते यानंतर. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर करण्याचा खटाटोपही यानंतरचाच. १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, तरी भाषांतराचे काम चालू राहिले.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ बहुतेकांनी शाळेत तुकड्यातुकड्यांनी वाचलेली असतात. ती आता एका वेगळ्या प्रश्नासह वाचून पाहावीत : या बाईंचे मन नेमके कधी शांत झाले? बाजारातून आलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायला लावणाऱ्या बापाच्या घरी त्या वाढल्या. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तो बायकोला मागे ठेवून. पुढची काही वर्षे ताटातुटीत गेली. नंतर एकत्र आल्यावरही चूल आणि पाणी वेगळेच होते. मग एकदा एकटीनेच विचार करताना त्यांच्या मनात येते, की जात देवाने केली असती, तर माणसामाणसात तशी खूण दिसली असती. आणि सोवळे गळून पडते. बाप्तिस्मा १९०० सालचा. मनातली गाठ सुटली ती त्याच्या आधी, कोणा मिशनऱ्याच्या वादविवादाशिवाय. टिळकांचा शीघ्रकोप आणि घरातले उचलून दुसऱ्याला देऊन टाकायची सवय काही सुटली नाही. लक्ष्मीबाईंची शांती शोधायची तर ती त्यांच्या विनोदात शोधावी. ज्या माणसाने सर्वांत जास्त दुखावले, त्याच्याविषयी इतके हसत आणि इतके खरे लिहिता येणे ही माझ्या लेखी आध्यात्मिक घटना आहे. (प्रवचनकारांना ती दिसत नाही, कारण प्रवचनात हसायची सोय नसते.)

खुद्द टिळकांचे अभंग वारकरी वळणाचे. मराठी चर्चमध्ये ‘उपासना संगीत’ उघडले की त्यांची पदे आजही पेटी-तबल्यावर म्हटली जातात. पण १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढणारे टिळक अभ्यासकाने विसरू नयेत. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही तिथे जागा होती. दोनच वर्षांत ते गेले आणि प्रयोग अर्धा राहिला.

सगळ्यांनाच शांती लाभली असेही नाही. नीलकंठशास्त्री गोरे १८४८ साली ख्रिस्ती झाले. षड्दर्शनांचे खंडन करणारा हा पंडित आयुष्यभर शंकांनी पोखरलेला राहिला. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी हिने लिहिलेले इंग्रजी भक्तिगीत देवाच्या सान्निध्यातल्या निवांतपणासाठी जगभर गायले गेले. एकाच घरात ही दोन टोके कशी नांदली, यावर कोणीतरी नीट लिहायला हवे.

मोठी उणीव मात्र वेगळीच आहे. वर आलेली मराठी नावे बहुतेक ब्राह्मण घरांतली, आणि नगर-जालना भागातल्या मंडळ्या मुख्यतः महार-मांग समाजातून उभ्या राहिल्या. त्यांच्या मनाने काय शोधले आणि काय मिळवले, हे आत्मचरित्रांत सापडणार नाही. त्यासाठी भजने, कीर्तने, प्रार्थनासभांतल्या साक्षी आणि मंडळीच्या नोंदवह्या चाळाव्या लागतील. ‘ज्ञानोदय’ हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ पासूनचे आहे. त्याच्या जुन्या अंकांतही धागे मिळतील. वसईची कॅथलिक परंपरा आणखी निराळी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी लेखणी आणि हरित वसईची चळवळ एकत्र चालवली. २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली, तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. म्हणजे भांडण अजून मिटलेले नाही.

नव्या वाचकाने ‘स्मृतिचित्रे’पासून सुरुवात करावी, मग रमाबाईंची पत्रे आणि साक्ष शेजारी शेजारी ठेवून वाचावी. टिळकांचे अभंग शक्य झाल्यास एखाद्या रविवारी चर्चमध्ये बसून ऐकावेत. ‘ख्रिस्तपुराण’ सर्वांत जुने असले तरी शेवटी घ्यावे. मूळ छपाई रोमन लिपीत होती. शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली ते देवनागरीत आणल्यामुळे वाट सोपी झाली आहे. एकोणिसाव्या शतकातले खंडनमंडनाचे ग्रंथ ढीगभर आहेत. ते आधी हाती घेतले, तर या वाटेवर पुन्हा पाऊल टाकावेसे वाटणार नाही.