बायकांनी आखलेली मोजपट्टी

माझं लहानपण घाटकोपरचं. सुट्टीत चेंबूरला मावशीकडे राहायला गेलं, की संध्याकाळी फिरताना एक लांबलचक भिंत लागायची. भिंतीच्या फटीतून पलीकडे हिरवंगार, कातरून ठेवल्यासारखं गवत दिसायचं. एवढी मोठी मोकळी जागा, आणि तिथे एकही पोर खेळत नाही, याचं मोठं नवल वाटायचं. विचारलं तर मावशी म्हणायची, ‘‘तो गोल्फचा क्लब. साहेबलोकांचा खेळ आहे तो, आपला नव्हे.’’ त्यातलं ‘साहेबलोकांचा’ तेव्हा कळलं. त्या खेळात बायकाही आहेत, त्यांची राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा असते आणि तिला शंभर वर्षांहून मोठा इतिहास आहे, हे कळायला मात्र पुढे बरीच वर्षं जावी लागली.

हा इतिहास सांगण्याजोगा आहे. कारण ज्यांना ‘तुम्हाला हा खेळ जमणार नाही’ म्हणून सांगितलं गेलं, त्यांनीच या खेळाला त्याची मोजपट्टी दिली.

आधी खेळाबद्दल दोन शब्द. चेंडू काठीने मारत मारत एका लहानशा भोकात घालायचा. अशी भोकं अठरा. सगळी मिळून ज्याला कमीत कमी फटके लागले, तो जिंकला. स्कॉटलंडमध्ये हा खेळ पाचशेहून अधिक वर्षं चालत आला आहे. पण बायकांना त्यात रीतसर जागा मिळाली ती 1867 साली, सेंट अँड्र्यूज या गावी. जागा म्हणजे काय, तर उंचसखल हिरवळीचा एक तुकडा. तिथे चेंडू नुसता हलकेच ढकलून भोकात घालायचा. लांब फटका मारायचा नाही. कारण? काठी खांद्याच्या वर उचलणं स्त्रीला शोभत नाही! त्या काळचे गोल्फवर लिहिणारे एक सरदार, लॉर्ड वेलवुड, यांनी 1890 मध्ये तर बायकांच्या फटक्याची मर्यादाच ठरवून टाकली : सत्तर-ऐंशी यार्ड, त्याहून जास्त नको. त्या काळच्या झग्यात आणि आवळलेल्या कमरेत त्याहून लांब फटका मारणं तसंही सोपं नव्हतं, हा भाग वेगळा.

तरीही बायका खेळत राहिल्या. गावोगावी त्यांचे क्लब निघाले. 1893 मध्ये काही जणींनी ठरवलं, की आता सगळ्या क्लबांची मिळून एक संघटना काढायची आणि अजिंक्यपदाची स्पर्धा भरवायची. त्यांनी त्या काळचे नामवंत खेळाडू होरेस हचिन्सन यांचा सल्ला विचारला. हचिन्सनसाहेबांचं पत्र आलं. त्याचा मतितार्थ असा, की हा नाद सोडा. बायकांची संघटना टिकणार नाही, त्या आपसांत भांडतील. आणि एका दिवसात मोठ्या मैदानाच्या दोन फेऱ्या खेळण्याची ताकद त्यांच्या शरीरात नाही.

पत्र वाचून बायकांनी काय केलं? त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनला ‘लेडीज गोल्फ युनियन’ स्थापन केली आणि जूनमध्ये स्पर्धाही भरवली! इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, सेंट अ‍ॅन्स इथल्या नऊ भोकांच्या मैदानावर 38 जणी खेळल्या. अंतिम सामन्यात लेडी मार्गारेट स्कॉट या तरुणीने इझेट पिअर्सन यांना हरवलं. पुढची दोन वर्षंही लेडी मार्गारेटच जिंकल्या आणि सलग तीन विजेतेपदं घेऊन स्पर्धेतून बाजूला झाल्या. विजेती म्हणून नाव त्यांचंच राहिलं. पण खेळावर खरी छाप उमटली ती हरलेल्या इझेट पिअर्सन यांची.

पिअर्सनबाई युनियनच्या सचिव होत्या आणि त्यांच्यापुढे एक अवघड कोडं होतं. देशभरच्या बायकांना एकत्र खेळवायचं कसं? एकीचं मैदान समुद्रकाठचं, वाऱ्याचं. दुसरीचं सपाट, सोपं. एकीला रोज खेळायला मिळतं, दुसरीला महिन्यातून एकदा. गोल्फमध्ये यावर एक तोडगा असतो, ‘हँडिकॅप’. समजा, चांगल्या खेळाडूपेक्षा मला वीस फटके जास्त लागतात. तर माझ्या एकूण फटक्यांतून वीस वजा करायचे, आणि मग दोघींची तुलना करायची. म्हणजे नवखीलाही निष्णात खेळाडूशी चुरशीने खेळता येतं. अडचण अशी, की हे वीस ठरवायचे कोणी? प्रत्येक क्लब आपल्या मनाने ठरवत असे. एका क्लबातले दहा म्हणजे दुसऱ्या क्लबातले अठरा! गावोगावचे शेर-पायली वेगळे असले की बाजारात जो गोंधळ होतो, तसाच हा.

पिअर्सनबाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येक मैदानाची अवघडता ठरवली, त्यावरून हँडिकॅप काढण्याचे नियम केले आणि ते सगळ्या क्लबांना पाळायला लावले. यात त्यांची काही वर्षं गेली, वाद झाले, पण पद्धत बसली. कुठल्याही गावची बाई कुठेही जाऊन खेळली, तरी तिचा आकडा तोच मानला जाऊ लागला. ब्रिटनमधल्या पुरुषांच्या क्लबांना अशी एकसमान पद्धत लागू करायला 1920चं दशक उजाडावं लागलं. ‘आपसांत भांडतील’ असं ज्यांच्याबद्दल भाकीत केलं होतं, त्यांचं एकमत पुरुषांच्या कितीतरी आधी झालं होतं.

अटलांटिकपलीकडे अमेरिकेत 1895 मध्ये बायकांची राष्ट्रीय हौशी स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी खेळाडू तेरा, आणि विजेतीला अठरा भोकांना फटके लागले 132! आज शाळकरी मुलीही याहून कितीतरी कमी फटक्यांत फेरी पुरी करतात. पण सुरुवात अशीच व्हायची असते. आणि मग खेळ किती झपाट्याने सुधारला, ते पाहा. 1920 च्या इंग्लिश महिला स्पर्धेत जॉइस वेदरेड ही अठरा वर्षांची, फारसं कोणाला माहीत नसलेली मुलगी मातब्बर सेसिल लीचविरुद्ध अंतिम सामना खेळत होती. निर्णायक फटक्याच्या वेळी शेजारच्या रुळावरून गाडी धडधडत गेली. मुलीने शांतपणे चेंडू भोकात घातला आणि सामना जिंकला. नंतर कोणीतरी विचारलं, गाडीचा त्रास नाही झाला? तर तिने उलट विचारलं म्हणतात, ‘‘कुठली गाडी?’’ रुळाकाठच्या घरात अभ्यास केलेल्या आपल्या उपनगरातल्या मुलींना ही एकाग्रता वेगळी समजावून सांगायला नको.

आता आपल्या देशाकडे वळू. गोल्फ भारतात आला तो फार लवकर. कोलकात्याचा क्लब 1829 चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना. मुंबईत 1842 मध्ये क्लब निघाला. पुरुषांची अखिल भारतीय हौशी स्पर्धा 1892 पासूनची, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी बायकांचीही सुरू झाली. अर्थात सुरुवातीची कित्येक वर्षं तिच्यात मडमांचीच नावं. क्लब साहेबांचे, तिथे एतद्देशीय पुरुषांनाही दार बंद, तर बायकांचं काय? मुंबईत लॉर्ड विलिंग्डन यांच्या पुढाकाराने 1918 मध्ये भारतीयांना सदस्य करून घेणारा क्लब निघाला, आणि 1927 मध्ये चेंबूरचा प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब, म्हणजे माझ्या लहानपणची ती भिंत.

स्वातंत्र्यानंतर चित्र हळूहळू पालटलं. सीता रावले यांनी राष्ट्रीय विजेतेपद अनेकदा जिंकलं. त्यांना आणि नंतर नोनिता लाल यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. सिमी मेहरा अमेरिकेच्या व्यावसायिक वर्तुळात खेळणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. आणि मग आली बंगळुरूची अदिती अशोक. हौशी राष्ट्रीय विजेतेपद जिंकून पुढे गेलेली ही मुलगी 2016 मध्ये, अठराव्या वर्षी, रिओ ऑलिम्पिकमध्ये खेळली. 2021 मध्ये टोकियोत ती चौथी आली. पदक थोडक्यात हुकलं, पण त्या शनिवारी भल्या पहाटे उठून, गोल्फचा एकही नियम ठाऊक नसलेली हजारो घरं टीव्हीपुढे बसली होती. 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवलं. या स्पर्धेत गोल्फचं पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री.

ऑलिम्पिकचा विषय निघाला म्हणून आठवलं. बायकांचा गोल्फ ऑलिम्पिकमध्ये अदितीच्या आधी एकदाच झाला होता, 1900 साली पॅरिसला. जिंकली मार्गारेट अ‍ॅबट. ती अमेरिकन, पण जन्म आपल्या कोलकात्याचा! नऊ भोकं, 47 फटके, आणि बक्षीस चिनी मातीचं एक भांडं. तिची आईही त्याच स्पर्धेत खेळली होती. आयोजन इतकं गबाळं, की आपण ऑलिम्पिक जिंकलो हे मार्गारेटला कधी समजलंच नाही. 1955 मध्ये ती वारली, तेव्हाही नाही. बायकांचा विजय नोंदवून ठेवणारं कोणी नसलं, की असं होतं. पिअर्सनबाईंनी आकडे, नियम, नोंदी यांचा एवढा आग्रह का धरला, ते इथे उमगतं.

क्लबांची दारं मात्र फार उशिरा उघडली. सेंट अँड्र्यूजच्या रॉयल अँड एन्शंट क्लबाने बायकांना सदस्य करून घ्यायचं ठरवलं ते 2014 मध्ये. म्यूरफील्डच्या क्लबाने 2016 मध्ये नाही म्हटलं, टीका झाल्यावर 2017 मध्ये हो म्हटलं. 2020 मध्ये जगभर एकच हँडिकॅप पद्धत आली, स्त्री-पुरुष सगळ्यांसाठी. म्हणजे पिअर्सनबाईंनी एका देशातल्या बायकांसाठी जे केलं, ते जगाने सव्वाशे वर्षांनी केलं.

आपण म्हणतो, हौसेला मोल नसतं. ‘हौशी’ खेळाडू म्हणजे पैशासाठी न खेळणारा. पण गोल्फच्या हौसेला मोल पडतं, आणि ते भारी असतं. लेडी मार्गारेटच्या वडिलांच्या वाड्याला स्वतःचं मैदान होतं. घाटकोपर-मुलुंडच्या मुलीला कबड्डी, खो-खो खेळायला शाळेचं पटांगण पुरलं. गोल्फला क्लब लागतो, आणि क्लबाची वर्गणी चाळीतल्या घराला झेपणारी नाही. मोजपट्टी सर्वांसाठी सारखी झाली, पण तिच्यापाशी पोचायची वाट अजून सारखी नाही.

परवा पुन्हा त्या भिंतीवरून गेले. सोबत भाची होती. फटीतून डोकावून तिने विचारलं, ‘‘आत्या, इथे मुली खेळतात?’’ मी म्हटलं, ‘‘खेळतात. त्यांची राष्ट्रीय स्पर्धाही असते.’’ तिचा पुढचा प्रश्न होता, ‘‘मग आत कसं जायचं?’’ आम्ही मावशीला हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता.

(रेडिओवरील भाषणाचं संपादित रूप)