'फ्रेंच' फ्राइज आणि चार वाट्या



वसंतातील व्याख्यानांच्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, राज्यकारभार, काव्यशास्त्र अशा थोर विषयांची पंगत बसते. त्या पंगतीत तळलेल्या बटाट्याला पाट मांडून देण्याचे धाडस आम्ही करीत आहोत, याची आम्हांस जाणीव आहे. परंतु हा विषय आम्ही शोधून काढलेला नाही. तो आमच्यापुढे ताटात वाढून आला.

गेल्या थंडीत आमच्या भाच्याच्या घरी त्याच्या मित्रमंडळींचा मेळावा होता. निमित्त काहीच नव्हते. हल्ली पार्टीला निमित्त लागत नाही. मध्यभागी एका परातीत बटाट्याच्या लांबट, तांबूस तळलेल्या फोडी आणि भोवती चार वाट्या. एकीत घरी घुसळलेले मेयोनीज, दुसरीत घरीच आटवलेले टोमॅटोचे केचप, तिसरीत दाण्याच्या कुटाचे दाटसर सॉस आणि चौथीत लसूण व लाल मिरचीचा ठेचा दह्यात कालवलेला. प्रत्येकाने फोड उचलावी, हव्या त्या वाटीत बुडवावी आणि गप्पा माराव्यात, असा बेत होता. एवढ्यात दोन वर्षे ब्रुसेल्सला राहून आलेला एक तरुण म्हणाला, "यांना फ्रेंच फ्राइज म्हणू नका. हे बेल्जियमचे आहेत." दुसऱ्याने फ्रान्सची बाजू उचलली, तिसऱ्याने अमेरिकेची. शेवटी भाचेसून आमच्याकडे वळून म्हणाली, "मामा, तुम्ही इतिहासवाले. तुम्हीच निवाडा करा."

त्या रात्री आम्ही फोडी खाल्ल्या आणि निवाडा राखून ठेवला. तो आज आपल्यापुढे वाचून दाखवीत आहोत.

फिर्यादीतील मुख्य माल म्हणजे बटाटा. त्याच्या जन्मस्थानाबद्दल वाद नाही. दक्षिण अमेरिकेत, आज जेथे पेरू व बोलिव्हिया हे देश आहेत, तेथील टिटिकाका सरोवराच्या आसपासच्या उंच पहाडी मुलखात काही हजार वर्षांपूर्वी माणसाने हा कंद लागवडीस आणला. स्पॅनिश लोकांनी 1532 नंतर इंकांचे राज्य बुडविले आणि सोन्यारुप्याबरोबर हा कंदही उचलला. 1567 साली कॅनरी बेटांतून अँटवर्प बंदराकडे बटाटे रवाना झाल्याची नोंद आहे; 1573 साली सेव्हिल येथील एका रुग्णालयाच्या हिशेबात त्यांची खरेदी दिसते. म्हणजे आजच्या बेल्जियमच्या बंदरी बटाटा फार लवकर उतरला. पण बंदरात उतरणे वेगळे आणि स्वयंपाकघरात शिरणे वेगळे. पुढील दोनशे वर्षे युरोपातील पुष्कळ ठिकाणी त्याला डुकरांचे खाद्य मानीत. या संशयाला अगदीच आधार नव्हता असे नाही. बटाटा धोतऱ्याच्या कुळातला आहे. त्याची पाने व हिरवे पडलेले कंद विषारी असतात. आपल्या भाजीतले वांगेही त्याच कुळातले, हे तेव्हाच्या युरोपीय गृहिणीला कोण सांगणार?

फ्रान्समध्ये ही अढी काढण्याचे श्रेय पार्मांतिए नावाच्या औषधशास्त्रज्ञाला देतात. सप्तवार्षिक युद्धात तो प्रशियाच्या कैदेत पडला आणि तेथे त्याला बटाटे खाऊन दिवस काढावे लागले. आपण मेलो तर नाहीच, उलट धडधाकट राहिलो, हे त्याच्या ध्यानात राहिले. 1773 साली त्याने बटाट्याच्या रासायनिक परीक्षणावर पुस्तक प्रसिद्ध केले. पुढे पॅरिसजवळच्या एका माळावर त्याने बटाटा लावला, दिवसा शेतावर शिपायांचा पहारा ठेवला आणि रात्री मुद्दाम उठविला, म्हणजे लोकांनी मौल्यवान वस्तू समजून चोरावी, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट फार चांगली आहे, आणि म्हणूनच ती आम्ही जपून सांगतो. पॅरिसमधील त्याच्या समाधीवर मात्र लोक आजही फुलांबरोबर बटाटे ठेवतात.

आता बेल्जियमचा दावा पाहू. म्यूझ नदीकाठचे गरीब लोक नदीतील लहान मासे तळून खात. 1680 च्या सुमारास नदी गोठली, मासे मिळेनात, तेव्हा त्यांनी बटाटे माशांच्या आकाराचे कापून तळले, अशी ही कथा आहे. जो जेरार नावाच्या बेल्जियन लेखकाने आपल्या घराण्यातील 1781 च्या एका हस्तलिखिताच्या आधारे ती सांगितली आणि ती देशभर झाली. तिच्यावर घाव घालणारा संशोधकही बेल्जियनच निघाला, हे आम्हांस विशेष वाटते. पिएर लक्लेर यांचे आक्षेप दोन. पहिला, त्या भागात बटाटा 1735 च्या आसपास आला. 1680 साली तो कापणार कोठून? दुसरा आक्षेप आमच्या मते अधिक मार्मिक आहे. त्या काळी चरबी व लोणी या चैनीच्या वस्तू होत्या. भाकरीला चोपडायला जे मिळत नाही, त्याने कोणता गरीब माणूस कढई भरील? दस्तऐवजांच्या छाननीत बसलेले आम्हां लोकांना असा प्रश्न सहसा सुचत नाही. आमच्या आईला मात्र पहिल्या झटक्यात सुचला असता.

तेव्हा भरलेली कढई जेथे होती तेथे गेले पाहिजे. ती पॅरिसच्या रस्त्यावर होती. सीन नदीवरील पाँ नफ या जुन्या पुलावर व आसपास तळणाचा धंदा करणाऱ्या बायका उघड्यावर शेगडी मांडून बसत. पिठात बुडविलेले मांसाचे तुकडे, मासे, भजी असे पदार्थ त्या उकळत्या चरबीत तळून विकीत. 1789 च्या राज्यक्रांतीनंतरच्या दशकांत बटाटा स्वस्त व सर्वत्र झाला आणि याच कढयांत पडला. आधी गोल चकत्या, मग लांब कांड्या. जाड कापलेल्या तळीव बटाट्याला फ्रेंच पाककलेत अजूनही त्या पुलाचेच नाव आहे. त्या बायकांपैकी एकीचेही नाव इतिहासाने नोंदलेले नाही. दावेदारांची नावे मात्र भरपूर आहेत.

मग बेल्जियमला काहीच नाही का? आहे, आणि ते थोडे नाही. फ्रेडरिक क्रीगर नावाचा बव्हेरियात जन्मलेला जत्रेतला वादक 1842 साली पॅरिसच्या माँमार्त्र रस्त्यावरील एका दुकानात ही विद्या शिकला आणि 1844 साली त्याने बेल्जियममधील लिएजच्या जत्रेत तळलेल्या बटाट्याचे दुकान लावले. जर्मन माणसाने फ्रेंच पदार्थ बेल्जियनांना खाऊ घातला! पुढच्याच वर्षी, 1845 साली, बटाट्यावरील करपा रोग युरोपात प्रथम बेल्जियममध्येच दिसला. तो पसरत आयर्लंडला पोहोचला आणि तेथे सुमारे दहा लाख माणसे मेली. ज्या कंदावर एक देश उपासमारीने मरत होता त्याच कंदाची शेजारच्या जत्रांत चैन चालली होती, हे वाचताना आमच्या हातातली फोड क्षणभर थांबली होती. बेल्जियमने मात्र हा पदार्थ पुढे सोडला नाही. दोनदा तळण्याची रीत तेथे धर्मासारखी पाळतात. पहिली तळणी मंद, सुमारे दीडशे अंश सेल्सिअसवर. तिने आतला गर शिजतो. मग फोडी निथळून गार करायच्या आणि खाण्याच्या वेळी एकशेऐंशी अंशांच्या वर पुन्हा सोडायच्या. तिने वरचे पाणी उडून कुरकुरीत कवच धरते. आतून जोराने निघणारी वाफ तेलाला आत शिरू देत नाही. बटाटे फ्रिजमध्ये ठेवले तर थंडीने त्यांच्यातील पिठाची साखर होते आणि फोडी शिजण्याआधीच काळवंडतात. आमच्या भाच्याच्या घरची पहिली परात याच कारणाने वाया गेली होती.

तेथील लाडक्या जातीचे नाव बिंत्ये आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हॉलंडमधील एका शाळामास्तरने ती तयार केली. आपल्या नव्या जातींना तो स्वतःच्या मुलांची नावे देई. ती संपल्यावर विद्यार्थ्यांची सुरू केली. बिंत्ये ही त्याची विद्यार्थिनी. या सभेत शिक्षक पुष्कळ असतील, त्यांनी नोंद घ्यावी.

अमेरिकेचा दावा लवकर निकालात निघतो. पहिल्या महायुद्धात अमेरिकन शिपायांनी फ्रेंच बोलणाऱ्या बेल्जियनांकडे हा पदार्थ पाहिला व त्याला चुकून 'फ्रेंच' म्हटले, असे सांगतात. परंतु 1856 साली एलायझा वॉरेन या बाईंच्या इंग्रजी पाकपुस्तकात 'फ्रेंच' तळीव बटाटे आहेत. महायुद्ध त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी सुरू झाले. टॉमस जेफर्सनच्या कागदांत कच्चे बटाटे बारीक कापून तळण्याची फ्रेंच कृती आहे, हे खरे. पण राष्ट्राध्यक्षाच्या घरी एक पदार्थ झाला म्हणून तो राष्ट्राचा होत नाही.

फोडींचा निवाडा झाला, वाट्यांचा राहिला. आपल्या पानाची डावी बाजू तोंडीलावण्याची, आणि पंक्तीत तीच अधिक बोलकी असते. येथेही तसेच आहे. फोड ही कोरडी, खारट, स्निग्ध. तिला आंबट हवे. इंग्लंडमध्ये माल्टचे व्हिनेगर शिंपडून भागवितात. पण वरून ओतले की कवच मऊ पडते, म्हणून घरच्या मेळाव्यात बुडवून खाण्याची रीत बरी.

पहिली वाटी मेयोनीजची. 1756 साली फ्रेंचांनी भूमध्य समुद्रातील मिनोर्का बेट इंग्रजांकडून घेतले. विजयाच्या मेजवानीसाठी रिशल्यू ड्यूकच्या आचाऱ्याला साय मिळाली नाही, त्याने तेल वापरले आणि माहों या शहरावरून सॉसला नाव पडले, अशी कथा आहे. बेट वाचविता आले नाही म्हणून इंग्रजांनी आपल्याच अॅडमिरल बिंगला 1757 साली गोळ्या घातल्या, हे पक्के. सॉसबद्दल तितके पक्के काही नाही. हे नाव छापील पाकग्रंथांत येते ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. व्हियारच्या 1806 च्या ग्रंथात ते आहे. एवढ्या गाजलेल्या मेजवानीचा पदार्थ पन्नास वर्षे मुका का राहिला? शिवाय लसूण व तेल खलून केलेले सॉस त्या किनाऱ्यावर फार जुने आहे. तेल आणि पाणी मुळात एकत्र नांदत नाहीत. अंड्याच्या पिवळ्या बलकातील लेसिथिन दोघांचा हात धरते, म्हणून तेल थेंबाथेंबाने घालावे लागते. घाई केली की सॉस फुटते. मग दुसरे बलक घेऊन त्यात फुटलेले सॉस हळूहळू घोटायचे. बेल्जियमने 1955 साली हुकूम काढून मेयोनीजमध्ये किमान ऐंशी टक्के तेल व साडेसात टक्के बलक हवे असे ठरविले. आपल्याकडे प्रश्न वेगळा आहे. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजने विषबाधा झाल्यावर तेलंगणाने 2024 साली त्यावर एका वर्षाची बंदी घातली. भाचेसूनही अंड्याऐवजी थंड दूध घेऊन ते करते, आणि चांगले जमते.

केचपमध्ये तर मुळात टोमॅटोच नव्हता. दक्षिण चीनमधील होक्कियन भाषेतील हा शब्द खारविलेल्या माशांच्या रसाचा. इंग्रज व्यापाऱ्यांनी तो पूर्वेकडच्या बंदरांतून उचलला. 1727 सालच्या एलायझा स्मिथच्या पुस्तकातील केचपात लहान मासे, व्हिनेगर व मसाले आहेत. टोमॅटो आला तो अमेरिकेत. फिलाडेल्फियाच्या जेम्स मीझने 1812 साली ती कृती छापली. हाइन्झचे केचप 1876 चे.

तिसऱ्या, दाण्याच्या वाटीची कथा सर्वांत लांबची. हॉलंडमध्ये मेयोनीज, दाण्याचे सॉस आणि चिरलेला कांदा घातलेल्या फोडींना 'युद्ध' असे नाव आहे. दाण्याचे सॉस डचांनी इंडोनेशियातून आणले, जेथे त्यांनी दीर्घकाळ राज्य केले. भुईमूग इंडोनेशियात गेला तो दक्षिण अमेरिकेतून. बटाटा व दाणा या दोघा शेजाऱ्यांची अॅम्स्टरडॅमच्या रस्त्यावर पुन्हा गाठ पडली.

ही गाठ आपल्याही घरी पडते, याकडे आता लक्ष वेधतो. उत्तरेकडे आलू म्हणतात. आपण म्हणतो बटाटा, कारण तो आपल्याला पोर्तुगीजांनी दिला. त्यांनी तो शब्द कॅरिबियन बेटांतून घेतला, आणि तेथे त्याचा अर्थ रताळे! मिरची त्यांचीच, भुईमूग पलीकडचा, आजचा साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओकाही अमेरिकेचा. म्हणजे एकादशीच्या फराळाचे अर्धे ताट चारपाचशे वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांनी पाहिलेही नव्हते. त्याच गलबतांच्या मार्गाने आलेला टोमॅटो मात्र उपासाला चालत नाही. ही पंचायत कोणी, कोठे भरवली, हा शोध फ्रेंच-बेल्जियन वादाहून कितीतरी मोलाचा आहे, आणि तो आपल्याच आज्यांच्या वह्यांत करावा लागेल.

तळण कशात केले, हा प्रश्नही आमच्या मंडळींना पडतोच. बेल्जियममध्ये परंपरेने गोवंशाची चरबी वापरतात. मॅकडोनाल्ड्सने अमेरिकेत 1990 साली ती सोडून वनस्पतितेल घेतल्याचे जाहीर केले, पण फोडींत गोमांसाच्या अर्काचा स्वाद राहिला होता. तेथील हिंदू व शाकाहारी लोकांनी 2001 साली दावा लावला. 2002 साली कंपनीने माफी मागून एक कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. परमुलखात राहून आपल्या पानात काय पडते हे विचारण्याचा हक्क त्यांनी बजावला, हे आम्हांस इतर कोणत्याही दाव्यापेक्षा महत्त्वाचे वाटते.

निवाडा भाचेसुनेला कळविला: कंद पेरूचा, कढई पॅरिसची, निष्ठा बेल्जियमची. तिने शांतपणे ऐकून घेतले. पुढे आषाढी एकादशीला तिच्याकडून एक डबा आला. आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठारावरच्या बटाट्याच्या फोडी, शेंगदाण्याच्या तेलात दोनदा तळलेल्या, वर सैंधव. आणि एकच वाटी, दाण्याच्या चटणीची. केचप तिने पाठविले नव्हते.