पानगळ

पानगळ किंवा पर्णपतन म्हणजे वनस्पतीने आपली पाने देठाच्या बुडाशी विलग करून गाळण्याची क्रिया होय. पान वाळणे आणि पान गळणे या भिन्न गोष्टी आहेत. गळण्यासाठी जिवंत पेशींचे कार्य लागते. म्हणूनच मोडून पडलेल्या फांदीवरील पाने वाळूनही बराच काळ तिला चिकटून राहतात.

वर्धा जिल्ह्यातील केळझर व बोर अभयारण्याच्या परिसरात शुष्क पानझडी वने असून साग हा त्यांतील प्रमुख वृक्ष आहे. सागाच्या रुंद पानांतून बाष्पोच्छ्वासाद्वारे पुष्कळ पाणी बाहेर पडते. पावसाळ्यानंतर जमिनीतील ओल घटली, की हा व्यय झाडाला परवडत नाही. ओढ्याकाठचा साग त्यामुळे माळावरील सागापेक्षा उशिरा निष्पर्ण होतो.

गळण्यापूर्वी पानातील हरितद्रव्याचे विघटन होते. नायट्रोजन, फॉस्फरस इत्यादींचा बराच भाग झाड परत घेते. पानातून येणारे ऑक्झिन हे संप्रेरक घटताच देठाच्या बुडाशी असलेला पेशींचा विशिष्ट थर इथिलीनला प्रतिसाद देऊ लागतो. विकरांमुळे पेशींना जोडणारे पेक्टिन विरघळते व पान स्वतःच्या भाराने वा वाऱ्याने सुटते. उघड्या जागी बुचासारखे आवरण तयार होऊन रोगजंतूंना अटकाव होतो.

पळस निष्पर्ण अवस्थेत, वसंतात फुलतो. साग मात्र नवी पालवी आल्यावर, पावसाळ्यात.

पाचोळा कुजून त्यातील द्रव्ये मातीत मिसळतात. उन्हाळी वणव्यात तो जळाल्यास नायट्रोजनचा मोठा भाग वायुरूपाने निघून जातो.