ओसाड वास्तूंची छायाचित्रे : एलिचपूर व गाविलगड

एके काळची वऱ्हाडची राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, नागपूरकरांना फार दूर नाही. अमरावतीहून ते सुमारे ५० किलोमीटर आहे. चिखलदऱ्याची थंड हवा खाण्यास जाणारी आपल्याकडील मंडळी परतवाड्यावरून सरळ घाटाला लागतात; शेजारीच असलेल्या अचलपुरात उतरणारे विरळाच. इतिहास म्हटला की आपल्या मुलांना दिल्ली आणि आग्रा आठवते. घराजवळच्या राजधानीत कोणते दरवाजे उभे आहेत आणि कोणते पडले, हे विचारले तर पालकही गप्प बसतात. या लेखात त्या जुन्या इमारतींविषयी आणि त्यांची छायाचित्रे कशी व कशासाठी काढावीत याविषयी थोडे लिहावयाचे आहे.

प्रथम या इमारती ओसाड का झाल्या ते पाहू. एलिचपूर हे सरहद्दीचे शहर होते. उत्तरेस सातपुडा, त्यापलीकडे माळवा; पश्चिमेस खानदेश; पूर्वेस गोंडवन. दख्खनच्या सुलतानांना उत्तरेकडील वाट राखण्यासाठी येथे ठाणे हवे होते. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने इ. स. १४२५ च्या सुमारास गाविलगडाची तटबंदी उभारली व नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. पुढे बहमनी राज्य फुटले आणि वऱ्हाडचा सुभेदार फतहुल्लाह इमाद-उल-मुल्क १४९० च्या सुमारास स्वतंत्र झाला. त्याची इमादशाही जेमतेम ८० वर्षांवर टिकली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या मुर्तजा निजामशाहाने वऱ्हाड घेतले आणि १५९६ मध्ये चांदबीबीला ते मोगलांच्या हवाली करावे लागले. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त सुभ्याची राजधानी म्हणून एलिचपूरची नोंद आहे. नंतर निजामाचे नवाब आले आणि नागपूरकर भोसल्यांचा अंमलही आला.

सरहद्द जोपर्यंत येथे होती तोपर्यंत येथे फौज होती, फौजेमागे बाजार होता आणि बाजारामागे कारागीर. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्ली व स्टीव्हन्सन यांच्या इंग्रज फौजांनी गाविलगड जिंकला. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, दुसऱ्या रघूजी भोसल्यांना देवगावचा तह करावा लागला. आपल्या नागपूरच्या इतिहासाचे एक पान असे त्या डोंगरावर लिहिले गेले आहे. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८५८ मध्ये बंडवाल्यांच्या हाती पडू नये म्हणून गडाची तटबंदी निकामी करण्यात आली. १९०५ मध्ये एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला, म्हणजे कचेरीही गेली. लढाईने गावाची जितकी हानी झाली नसेल तितकी सरहद्द दूर सरकल्याने झाली, असे माझे मत आहे.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. जर्मनीत नाइसे नदीकाठी गोर्लिट्झ नावाचे प्राचीन गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात ते बव्हंशी सुरक्षित राहिले. परंतु १९४५ मध्ये नदी हीच सरहद्द ठरली आणि गावाचा पैलतीरावरील भाग पोलंडमध्ये गेला. पुढील साम्यवादी राजवटीत तेथील शेकडो वर्षांची घरे दुरुस्तीवाचून मोडकळीस आली व कित्येक रिकामी पडली. जर्मनीच्या एकीकरणानंतर, १९९० पासून, त्यांची डागडुजी सुरू झाली. कोणा दात्याने नाव गुप्त ठेवून १९९५ ते २०१६ पर्यंत दरवर्षी जुन्या गावासाठी दहा लाख मार्क, व चलन बदलल्यावर तितक्याच किमतीचे युरो, पाठविले. अशा गावांतील ओस वाड्यांची छायाचित्रे काढीत हिंडणारे हौशी लोक युरोपात पुष्कळ आहेत. आपल्याकडे असा दाता केव्हा मिळेल ते अल्लाह जाणे. पण छायाचित्र काढण्याचे यंत्र मात्र आता प्रत्येकाच्या खिशात आहे.

पूर्वी हे काम सोपे नव्हते. १८५५ मध्ये मुंबई सरकारने कॅप्टन बिग्ज यास जुन्या वास्तूंच्या छायाचित्रणासाठी नेमले. त्याने विजापूर, ऐहोळे, बदामी येथील चित्रे काढली. अवजड कॅमेरा, काचेच्या तबकड्या व रसायने बैलगाडीतून न्यावी लागत. वऱ्हाडात हे काम पुरातत्त्व खात्याच्या हेन्री कझन्स याने केले. मध्यप्रांत व वऱ्हाडातील प्राचीन अवशेषांची त्याची यादी १८९७ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या काळच्या छायाचित्रांचे मोल आज कळते. एखादी कमान तेव्हा उभी होती आणि आज नाही, एवढे सिद्ध करावयास दुसरा साक्षीदार उरलेला नसतो.

आमच्या सहलीत मुलांनी मोबाईलवर छायाचित्रे काढली. संध्याकाळी ती पाहिली तर प्रत्येकात एकेक मित्र हसत उभा, आणि दरवाजा त्याच्या डोक्यामागे कोठेतरी! मुलांचे वयच तसे. त्यात रागावण्यासारखे काही नाही. परंतु गडाच्या त्या दरवाजावर काय कोरले आहे हे पाहिले पाहिजे. तेथे हत्तींना पकडलेला दोन तोंडांचा पक्षी आहे, शेजारी सिंह आहेत. त्या पक्ष्यास गंडभेरुंड म्हणतात आणि ते विजयनगरच्या हिंदू राजांचे चिन्ह. ते इमादशाहीच्या दरवाजावर कसे आले? फतहुल्लाह हा मूळचा विजयनगर मुलखातील कानडी हिंदू घराण्यातला. लहानपणी युद्धात पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि वऱ्हाडचा धनी झाला. १४८८ मध्ये त्याने गडाचा नैर्ऋत्येकडील दरवाजा बांधला तेव्हा आपल्या पूर्वजांच्या मुलखातील चिन्ह त्यावर कोरून घेतले. इतिहासाची दोन वेगळी कपाटे करून त्यांस वेगवेगळी कुलपे लावणाऱ्यांनी हा दगड एकदा पाहावा.

येथे काही पालकांच्या मनातील एका शंकेचा उल्लेख केला पाहिजे. तसवीर काढणे योग्य काय, असे एका बुजुर्गांनी मला विचारले होते. उलेमांमधील मतभेद आहे तो सजीवांच्या चित्राविषयी. इमारत, झाड, डोंगर अशा वस्तूंच्या चित्रास मनाई नाही. तेव्हा त्या बाजूने मुलांना अडविण्याचे कारण दिसत नाही.

आता छायाचित्र कसे काढावे ते सांगतो. आधी संपूर्ण इमारत दुरून, मग तिच्या चारही बाजू, मग बारीक काम. दगडाच्या मापाचा अंदाज यावा म्हणून कडेला फूटपट्टी ठेवावी. शिलालेखाचे चित्र भर दुपारी कधीही काढू नये. सकाळी किंवा सायंकाळी ऊन तिरपे पडते, उठावाच्या अक्षरांची सावली पडते, आणि दुपारी सपाट दिसलेला दगड वाचता येऊ लागतो. अक्षरे उठून दिसावीत म्हणून त्यांवर खडू, तेल किंवा पाणी लावणे हा तर गुन्हाच समजावा. तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या दिशेचे चित्र, हे वहीत त्याच वेळी लिहावे. घरी आल्यावर सर्व दरवाजे सारखे वाटू लागतात. लेखातील सन हिजरी असतो हेही ध्यानात ठेवावे. हिजरी ८९३ म्हणजे इ. स. १४८८ च्या आसपास.

अचलपुरात हौज कटोरा अवश्य पाहावा. गोल हौजाच्या मध्यभागी अष्टकोनी तीनमजली मनोरा आहे. वर आणखी मजले होते व नवाबी काळात त्यांचे दगड दुसऱ्या बांधकामास नेले, असे लोक सांगतात. वरच्या कडेची जवळून घेतलेली चित्रे या गोष्टीचा विचार करावयास उपयोगी पडतील. गडावरील मोठी मशीद अशीच. दर्शनी भागाच्या सात कमानी भव्य, पण मागील बराच भाग कोसळलेला. तो कोसळलेला भागही छायाचित्रात आला पाहिजे. केवळ सुंदर बाजू टिपणाऱ्याचे काम अर्धेच. शहरातील दुल्हा रहमान साहेबांच्या दर्ग्यात मात्र अदबीने वागावे, कारण ती ओसाड वास्तू नव्हे. तेथे जियारतीस आलेल्यांचे चित्र विचारल्याशिवाय घेऊ नये. गाविलगड मेळघाटच्या जंगलात आहे. तेथे एकट्यादुकट्याने हिंडू नये आणि वनखात्याचे नियम पाळावेत.

चित्रात आलेला लेख वाचणार कोण, हा प्रश्न उरतोच. आपल्या आजोबांच्या पिढीत फारसी जाणणारे मोहल्ल्यामोहल्ल्यात होते; आज उर्दू शाळेतील मुलालाही फारसी नस्ख लिपीतील जुना लेख लागत नाही. परंतु एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. भारतीय पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा आपल्या नागपुरातच आहे. डॉ. झियाउद्दीन देसाई (१९२५–२००२) या गाढ्या विद्वानांनी येथेच राहून देशभरातील लेखांचे वाचन केले व ते प्रसिद्ध केले. गुजरातेतील एक विद्वान नागपुरास येऊन हे काम करतो आणि आपल्या मुलांना त्यांचे नावही ऐकून माहीत नसते!

ज्यांना वऱ्हाडपर्यंत जाणे परवडत नाही त्यांच्यासाठी गांधीबागेपासून पायी जाण्याजोगे ठिकाण आहे. महालातील गांधी गेट म्हणजे पूर्वीचा जुम्मा दरवाजा आणि गांधीसागर म्हणजे जुम्मा तलाव. दोन्ही गोंड राजा चांद सुलतान याच्या काळची म्हणून सांगितली जातात. त्याचा पिता बख्त बुलंदशाह याने नागपूर वसविले. दरवाजाभोवती दिवसभर वाहनांची गर्दी असते, त्यामुळे चित्र घेणाऱ्याने फजरच्या नमाजनंतर लगेच निघावे. त्या वेळी रस्ता मोकळा असतो, आणि थोड्या वेळाने ऊनही तिरपे पडू लागते.