चॅनेलच्या आधीचा छापखाना

हुडकेश्वरच्या गच्चीवर मोबाइल उभा करून एखादा पोरगा भीमगीत गातो, रात्री यूट्यूबवर चढवतो. आपलं म्हणणं आपल्याच साधनातून मांडायची ही ओढ नागपूरला नवी नाही. यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५चा, अवघा १९ सेकंदांचा. आपला माग त्याच्या कितीतरी मागे जातो.

मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी १९१०मध्ये ‘निराश्रित हिंद नागरिक’ हे पत्र काढलं, १९१३मध्ये ‘विटाळ विध्वंसक’, १९१८मध्ये ‘मजूर पत्रिका’. पत्रं बंद पडत आणि ते पुन्हा नवं काढत. या साऱ्यात मला सर्वांत मोठा वाटतो तो त्यांनी नागपुरात काढलेला स्वतःचा छापखाना. यंत्र दुसऱ्याचं असलं की काय छापायचं हेही तोच ठरवतो, हे त्यांनी ओळखलं होतं.

३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांचा ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी २,५०० रुपये दिले होते. पण पत्र निघाल्याची बातमी लोकांपर्यंत जाणार कशी? पैसे मोजायची तयारी असूनही ‘केसरी’ने त्याची जाहिरात घेतली नाही, हे बाबासाहेबांनीच पुढे लिहून ठेवलं आहे. बोलायला कोणी अडवलं नव्हतं, अडवली होती ती जाहिरात. म्हणून व्हिडिओ करणाऱ्यांना न्याय मिळतो का, हे पाहताना मी आधी जाहिरातीकडे पाहतो.

मधला काळ कॅसेटचा. दीक्षाभूमीच्या वाटेवर दुकानं लागत, आणि शाहिरांची गाणी तिथून गावोगाव जात. गाणं एकदा विकलं की पुढच्या विक्रीशी लिहिणाऱ्याचा बहुधा संबंध उरत नसे. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला. तोवर कितीतरी शाहीर निघून गेले होते.

यूट्यूबने २००७मध्ये व्हिडिओ करणाऱ्यांना जाहिरातीत वाटा द्यायला सुरुवात केली. लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीच्या १०० रुपयांतले ५५ करणाऱ्याचे. ‘मूकनायक’च्या काळाशी ताडून पाहिलं तर ही लहान गोष्ट नाही. पण जानेवारी २०१८मध्ये नियम बदलला: १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहणं झाल्याशिवाय वाटा नाही, असं तेव्हा ठरलं. प्रत्येकाने तीन मिनिटं पाहिलं असं धरलं, तर हे ८०,००० वेळा पाहणं होतं. वस्तीतल्या वस्तीत चालणाऱ्या चॅनेलला हा उंबरठा फार उंच आहे. जाती-धर्माचं नाव न घेताही तो लहानांनाच आधी अडवतो.

उंबरठा ओलांडला तरी गाण्याचा प्रश्न राहतो. चाल जुन्या कॅसेटमधली निघाली आणि हक्कदार कंपनीचा दावा लागला, की त्या व्हिडिओचे पैसे पोराकडे न येता तिकडे वळू शकतात. त्यातलं शाहिराच्या घरी किती पोचतं, हे पोराच्या मोबाइलवर कुठेच दिसत नाही.